एस मोजतं, जी वाचतं

प्रिय ताई,

ऑफिसात मी तुम्हाला नावानेच हाक मारायचे, पण पत्रात ताईच बरं वाटतं. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच.

मुदत संपलेली कुपनं बिलाला लागत होती, तो शुक्रवार आठवतो? मुदत तपासणारं फंक्शन मी रुजू झाले तेव्हा वाचल्याचं मला पक्कं आठवत होतं. गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) उघडून गिट ग्रेप केलं, म्हणजे आत्ताच्या कोडमध्ये नाव शोधलं, काही नाही. गिट ब्लेम केलं, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते पाहिलं, तर प्रत्येक ओळीपुढे नाव-तारीख, पण समोरची एकही ओळ चुकीची नाही. मग जुने कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एकेक करून चेकआउट करत, उघडून बघत बसले. (दर फेरीत निम्मे कमिट वगळणाऱ्या बायसेक्टने हजार कमिटांतूनही दहाएक फेऱ्यांत काम होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!) डबा तसाच राहिला.

तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "अगं, ब्लेम असलेल्या ओळींचं सांगतं. गेलेल्या ओळीचं त्याला काय माहीत?"

मग माझ्याच कीबोर्डवर टाइप केलंत: गिट लॉग (कमिटांची यादी दाखवणारी आज्ञा), हायफन, कॅपिटल एस आणि त्याला चिकटून फंक्शनचं नाव. दोनच कमिट आले. एकात ते फंक्शन आलं होतं, दुसऱ्यात गेलं होतं. दुसऱ्याचा मेसेज काय, तर 'साफसफाई'. आणि त्यात चाळीसएक फाइली!

तो कमिट करणाऱ्याचं नाव मी ग्रुपवर टाकणारच होते. तुम्ही म्हणालात, "कमिटचा नंबर टाक, नाव नको." संध्याकाळी त्यानेच येऊन फंक्शन परत लावलं. शोधायला शिकवलंत त्याचे आभार आहेतच, पण या वाक्याचे जास्त.

जाताना तुम्ही एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एस मोजतं, जी वाचतं.' मी मान डोलावली, कळलं काही नव्हतं. कळलं ते मागच्या आठवड्यात. कराच्या दराची एक ओळ कुणीतरी बदलली होती. त्यातल्या व्हेरिएबलचं नाव तेच, फक्त आकडा वेगळा. नाव देऊन एस चालवलं, तर तो बदल दिसेचना. दिसणार कसा? एस फक्त तेच कमिट दाखवतं ज्यांत तो शब्द फाइलमध्ये जितक्या वेळा येतो ती संख्या बदलली. इथे आधीही एकदा, नंतरही एकदा. एसच्या जागी कॅपिटल जी घातलं. ते बदललेल्या ओळीच वाचतं, त्यामुळे कमिट लगेच पुढ्यात आला.

चिठ्ठीचा डिंक केव्हाच सुटला. आता ती मॉनिटरला सेलोटेपने लावलीय.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची