दत्ता, फ्लॅट बघायला पावसात ये

म्हापसा, गोवा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे पेडण्यातल्या टू बीएचकेत घालायचं तुझ्या मनानं घेतलंय आणि वहिनींना ते पटत नाही, हे कळलं. मी वहिनींच्या बाजूचा. रागावू नकोस.

जानेवारी 2023 मध्ये पेडण्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून इथला प्रत्येक दलाल 'भाव अजून वाढणार' एवढंच म्हणतो. वाढतीलही. पण तुला आता दर महिन्याचा घरखर्च हवाय. फ्लॅट 70 लाखांचा, असं तूच लिहिलंयस. महिना 20 हजार भाडं धर, तेही बाराही महिने. वर्षाचे 2 लाख 40 हजार झाले. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम वजा. उलट पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख टाकलेस, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 2 लाख 46 हजार मिळतात, दर तिमाहीला 61 हजार 500. निम्म्याहून कमी पैशांत! व्याजावर कर लागतो, मान्य. पण उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर तुझ्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेपर्यंत डॉक्टर थांबणार का? पोस्टातलं खातं थोडा दंड भरून मोडता तरी येतं. आणि हो, तू 58 व्या वर्षी निवृत्त होतोयस, म्हणजे पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत ते खातं उघडायला हवं. नाहीतर साठीपर्यंत थांब.

माझ्या मेहुण्यानं शिवोलीत असाच फ्लॅट घेऊन ठेवलाय. पावसाळ्यानंतर दार उघडायला गेलो तर कुलपात किल्ली फिरेना. तेल घातलं, शेवटी हातोडी आणली. आत कपाटातल्या चादरींवर हिरवी बुरशी, आणि एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्यानं पार सडलेलं. लांब राहणाऱ्या मालकाचं असंच होतं. भाडेकरू मिळाला तरी नळ गळला की फोन तुलाच.

तरी घ्यायचाच असेल, तर पोस्टात टाकून उरेल त्यातून घे, आणि ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट घे. त्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर 5 टक्के जातात. तुमच्या सातबाऱ्याच्या जागी इथं एक-चौदाचा उतारा असतो. त्यातले कूळ आणि इतर हक्कांचे रकाने नीट वाच. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेची नाही ना, बिनशेतीची सनद आहे ना, तेही बघ. शिवाय इथल्या कायद्यानं लग्न झालेलं असलं की सहसा मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा, त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीही वारस. एखादा वारस पोर्तुगालात निघाला, की बस वाट बघत!

बघायला यायचं तर डिसेंबरात येऊ नकोस, तेव्हा सगळंच गोड दिसतं. गणेश चवथीआधी भर पावसात ये, भिंतींची ओल हात लावून बघ. त्याआधी कागदांच्या झेरॉक्स पाठव, ओळखीच्या वकिलांना दाखवतो. बिल्डर झेरॉक्स द्यायला टाळाटाळ करू लागला, तर फ्लॅट राहू दे, नुसता जेवायला ये.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
रमाकांत