मागच्या खोलीविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "हा बँड आणखी किती वर्षे?" मी तेव्हा आईच्या गुडघ्यांवर विषय नेला, कारण फोनवर देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आज सवडीने लिहितो आहे. शेवटी एक मागणेही आहे, पण ते पैशांचे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आई, मागच्या दिवाळीत तू भाजणी भाजत असताना मी एक गाणे लावले होते आणि त्यातला 'रेवा' हा शब्द कानांवर पडताच तुझे उलथने थांबले होते. ते 'मां रेवा', म्हणजे नर्मदामाई, दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे. त्यांच्यात बास गिटार वाजवणारा राहुल राम कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागला. हे लोकगीत त्याला त्या खोऱ्यातच मिळाले, ज्याचा एक काठ आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याला लागतो. डॉक्टरेट मिळवून माणूस गिटार वाजवतो, हे वाचून बाबा कपाळावर हात मारतील, याची मला कल्पना आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मी या बँडच्या सालांत शोधले. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये गिटार आणि तबला यांच्या जोडीवर आरंभ केला, पुढच्या वर्षी राहुल आला, आणि अमित किलम ड्रम्सवर बसला तो १९९४ मध्ये. पहिला अल्बम एचएमव्हीने काढला खरा, पण दुसरा, 'डेझर्ट रेन', स्टुडिओत झालाच नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत मंडी हाउसपाशी पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात जे वाजले, तेच ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून आले. ज्या 'कंदीसा' अल्बमने त्यांचे नाव झाले, आणि ज्यात 'मां रेवा'ही आहे, तो २००० सालचा. म्हणजे दहा वर्षे गेली, आणि तीही कशासाठी, तर 'कंदीसा' ही केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची एक प्राचीन प्रार्थना तबला आणि बास गिटारवर म्हणण्यासाठी! कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापकाने हा बेत पहिल्याच बैठकीत मोडीत काढला असता. आमच्या बँडला अजून चारच वर्षे झाली आहेत.

मला मात्र त्यांच्या अल्बमांपेक्षा त्यांच्या घराचा हेवा वाटतो. १९९७ पासून ते दिल्लीच्या करोल बागेतल्या एका जुन्या बंगल्यात सराव करत आले, आणि २०१० च्या अल्बमला त्यांनी त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला: '१६/३३०, खजूर रोड'. त्यातली सात गाणी त्यांनी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. (फुकट देणे वीस वर्षे जमवलेले श्रोते पाठीशी असलेल्यालाच परवडते, आम्ही तसे करणार नाही, बाबा.) ती गाणी लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम गेला होता, आवाज तेवढा त्यांत राहिला. पुढे २०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडला, तरी बँड थांबला नाही.

आम्ही पुण्यात तासाला चारशे रुपये भरून सराव करतो. पहिली पंधरा मिनिटे वायरी जोडण्यात आणि अ‍ॅम्पची घरघर घालवण्यात जातात, पुढची चाल कुठे बसू लागते न लागते तोच जागेचे मालक दारातून दिव्याचे बटण दोनदा खालीवर करतात, कारण पुढची मंडळी जिन्यात उभी असतात. घड्याळाकडे बघत चाल पुरी करता येत नाही. चार वर्षांत आमची सहा गाणी झाली, आणि त्यांतली दोन मला स्वतःलाच अर्धवट वाटतात.

म्हणून विचारतो, की शेत खंडाने दिल्यापासून रिकामी पडलेली मागच्या दारची धान्याची खोली आम्हाला शनिवार-रविवार द्याल का? नोकरी मी सोडत नाही. भिंतींना आतून जुन्या गाद्या लावू, खिडकी बुजवू, आणि बाबांच्या वामकुक्षीच्या वेळी, म्हणजे एक ते चार, ड्रम्सना कोणीही हात लावणार नाही. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या आई सांगेल तिथे मी स्वतः हलवीन. शेजारच्या काकूंशी मात्र आईनेच आधी बोललेले बरे, कारण मी बोललो तर त्या नाहीच म्हणतील.

येत्या शनिवारी खोलीचे माप घ्यायला येतो. किल्ली देवघरातल्या खणातच आहे ना?

तुमचा,
धाकटा