हॅट विकताना 'फेल्ट' कशाचे ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतील, पुरुषांच्या जुन्या वळणाच्या पोशाखावरचा लेख आवडीने वाचला. कोट, जाकीट आणि बुटांविषयी त्यात पुष्कळ उपयुक्त माहिती होती. फेल्ट हॅटच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आणि तेही 'ती हल्ली ऑनलाइन सहज मिळते' एवढेच. हॅट सहज मिळते हे खरे आहे, पण चांगली हॅट सहज मिळत नाही, आणि ती न मिळण्याचे एक मोठे कारण विकणाऱ्यांनी 'फेल्ट' या शब्दाआड दडवलेले आहे. त्याबद्दल अनुभवाने जे कळले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने दोन वर्षांपूर्वी हुतात्मा राजगुरू यांच्या जीवनावर एक नाटक बसवले आणि वेशभूषेची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यात डिसेंबर १९२८ मधील सुटकेचा प्रवेश होता. ब्रिटिश पोलीस अधिकारी सँडर्सच्या वधानंतर लाहोरात जागोजाग पहारे बसलेले असताना केस-दाढी उतरवलेले भगतसिंग ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट घालून, क्रांतिकारक सहकारी दुर्गाभाभी आणि त्यांच्या लहान मुलासह साहेबी थाटात पहिल्या वर्गाच्या डब्यात बसले, आणि आपले खेडचे शिवराम हरी राजगुरू त्यांचे नोकर बनून त्याच गाडीने निघाले. त्या प्रवेशात हॅट ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. पोलीस ज्या शीख तरुणाला शोधत होते तो त्या हॅटखाली लपला होता. पुढे एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधी, दिल्लीच्या काश्मिरी गेट भागातील एका स्टुडिओत काढलेले भगतसिंगांचे हॅटमधले छायाचित्र तर घराघरांत पोहोचलेले आहे. ज्या छायाचित्राकडे शंभर वेळा पाहिले असेल, त्यातली हॅट कशी आहे हे मी तोपर्यंत एकदाही नीट पाहिले नव्हते.

पहिली हॅट मी एका संकेतस्थळावरून चौदाशे रुपयांना मागवली. वर्णनात 'विंटेज' आणि 'प्युअर फेल्ट' असे शब्द होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ती आली. माथा आखूड, वरच्या बाजूला चिंचोळा होत गेलेला. कड जेमतेम दोन इंचांची आणि पुठ्ठ्यासारखी ताठ. रिबीन शिवलेली नव्हे, चिकटवलेली. तिसऱ्या प्रयोगापर्यंत दिव्यांच्या उष्णतेने आणि नटाच्या घामाने आतली पट्टी सुटली, गोंदाचे पिवळे ओघळ त्याच्या कपाळावर आले आणि कड भाजलेल्या पापडासारखी वर-खाली झाली. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, की फेल्ट सांगितले होते आणि फेल्टच दिले आहे. मला सर्वांत जास्त लागले ते हे उत्तर, कारण शब्दाच्या अर्थाने तो खोटे बोलत नव्हता.

फेल्ट म्हणजे न विणता, नुसते तंतू एकमेकांत गुंतवून आणि दाबून केलेले कापड. काश्मिरी नमदा ज्यांनी हाताळला आहे त्यांना ते चटकन समजेल. हे तंतू पॉलिएस्टरचे असू शकतात, मेंढीच्या लोकरीचे असू शकतात, किंवा ससा, रानससा अथवा बीव्हर यांसारख्या प्राण्यांच्या अंगावरच्या, वरच्या राठ केसांखाली असणाऱ्या मऊ लवेचे असू शकतात. तिघांनाही बाजारात फेल्टच म्हणतात. मात्र पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत किमतीत दहा-वीस पटींचा फरक पडतो, आणि टिकाऊपणात त्याहून जास्त. लवेच्या फेल्टची कृती मोठी पाहण्यासारखी असते. स्वच्छ केलेली लव हवेच्या झोताने भोकाभोकांच्या एका मोठ्या शंकूवर ओढून बसवतात, तिच्यावर गरम पाण्याचा फवारा मारतात, आणि मग तो पातळ, टोपलीएवढा शंकू गरम पाण्यात पुनःपुन्हा दाबून आटवत जातात. तो मूळ आकाराच्या निम्म्याहून लहान होतो आणि तेवढाच घट्ट होतो. त्यानंतर वाफ देऊन लाकडी साच्यावर तो ओढतात. ताठपणासाठी बहुधा लाख वापरतात, तीच लाख जी आपल्याकडे लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी वापरतात. चांगल्या फेल्टला तिची थोडीच गरज लागते. तंतू कच्चे असले की लाखेचा मारा करून हॅट उभी ठेवावी लागते, आणि मग तिच्यात जो पुठ्ठेपणा येतो तो हाताला लगेच कळतो.

हातात घेऊन ओळखायची असेल तर कडेचा थोडा भाग दोन बोटांत धरून हलकेच वाकवावा आणि सोडावा. लवेचे फेल्ट पातळ असूनही दाट लागते, गालावर फिरवले तर साबरासारखे मऊ लागते आणि सोडताच जागेवर येते. लोकरीचे फेल्ट जाडसर, किंचित घोंगडीच्या जातीचे लागते. ते वाईट नाही, कोरड्या हवेत उत्तम चालते, पण मुसळधार पावसात सापडले तर आटते आणि त्याची कड लोंबते. पॉलिएस्टर उजेडात तिरके धरले तर चकाकते. त्यानंतर आतली पट्टी उलटून पाहावी. ती खऱ्या चामड्याची आणि शिवलेली आहे का, आकाराची चिठ्ठी तिच्यामागे आहे का, बाहेरची रिबीन टाक्यांनी बसवली आहे का, हे अर्ध्या मिनिटात दिसते. जो दुकानदार पट्टी उलटू देत नाही, त्याच्याकडून हॅट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या वळणाची हॅट हवी असणाऱ्याने मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण उत्तम फेल्टचीही हॅट दिसायला नवीच असू शकते. १९२० ते १९५० या काळातल्या हॅटचा माथा उंच असतो, त्याच्या बाजू जवळजवळ सरळ वर जातात, आणि कड अडीच इंच किंवा त्याहून रुंद व लवचीक असते, जेणेकरून ती पुढे खाली आणि मागे वर अशी हाताने वळवता यावी. हल्ली तरुण मुले घालतात ती बोटभर कडेची टोपी ट्रिल्बी या अरुंद कडेच्या हॅटच्या घराण्यातली आहे. तिलाच आपल्याकडे सर्रास 'फेडोरा', म्हणजे वर सांगितलेली रुंद कडेची हॅट, म्हणून विकले जाते. (फेडोरा हे नाव मुळात १८८२ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या एका नाटकाच्या नायिकेचे, नाटकवाल्याला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आखूड, निमुळता माथा आणि अरुंद कड यांवर कितीही पिसे लावली तरी १९२८ चा डबा रंगमंचावर उभा राहत नाही, हे आम्ही पहिल्या तीन प्रयोगांत पाहिले.

नावावर विसंबून खरेदी करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. इटलीतील आलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ ची आणि अमेरिकेतील स्टेट्सन १८६५ ची, हे सारे खरे. पण फिलाडेल्फियातील स्टेट्सनचा मूळ कारखाना १९७१ मध्ये बंद झाला, आज तेच नाव परवान्याने वेगवेगळ्या ठिकाणी बनणाऱ्या हॅटांवर असते, आणि त्यांत लवेच्या आहेत तशा लोकरीच्याही आहेत. बोर्सालिनोवरही २०१७ मध्ये दिवाळखोरीची वेळ येऊन पुढे मालकी बदलली. फेल्टचे कच्चे शंकू स्वतः बनवणारे कारखाने आता जगात मोजकेच उरले आहेत. पोर्तुगालमधील साओ जुआओ दा मादेइरा आणि चेक प्रजासत्ताकातील नोवी यिचीन ही त्यांतली दोन मोठी केंद्रे. अनेक नामवंत हॅटवाले तिथूनच शंकू घेऊन आपल्या साच्यावर चढवतात. म्हणून सोनेरी अक्षरातल्या नावापेक्षा फेल्ट कशाचे आणि साचा कोणता, हे विचारणे अधिक महत्त्वाचे. अमेरिकन हॅटांवर दर्जा दाखवण्यासाठी छापलेल्या 'एक्स' या अक्षराच्या संख्येलाही सर्वांना बांधून ठेवणारे असे कोणतेही प्रमाण नाही.

माझी अडचण शेवटी सिडनीत सुटली. मुलाकडे गेलो असताना तिथल्या एका जुन्या दुकानात अकुब्रा कंपनीची हॅट पाहिली. बेंजामिन डंकर्ली नावाच्या इंग्रज कारागिराने १८७४ मध्ये टास्मानियात सुरू केलेल्या धंद्यातून ही कंपनी उभी राहिली आणि न्यू साउथ वेल्समधील केम्प्सी येथे तिचा कारखाना आहे. १८५९ मध्ये शिकारीसाठी म्हणून सोडलेल्या सशांनी ऑस्ट्रेलियाची शेती आणि कुरणे उजाड केली. सशांचीच लव या हॅटांना लागते. दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी मला आधी खुर्चीवर बसवले, कापडी टेप कपाळाच्या मधून आणि कानांच्या किंचित वरून फिरवली, ५८ सेंटिमीटर असे सांगितले, आणि मग डोके वरून पाहून म्हणाले, की तुमचे डोके लांबट आहे, ५८ ची हॅट कपाळावर दाबेल आणि बाजूंना सैल राहील. त्यांनी तीच हॅट वाफेवर धरून पुढून-मागून ताणली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. तोवर डोक्याला माप असते हे मला माहीत होते, आकारही असतो हे त्या दिवशी कळले. तेच ५८ सेंटिमीटर अमेरिकन मापात सव्वासात होते आणि ब्रिटिश मापात सात पूर्णांक एक अष्टमांश. जुनी हॅट मागवणाऱ्याने ती कोणत्या देशातली आहे हे पाहिले नाही, तर एक सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे होऊन पैसे वाया जातात. आपल्याकडचे 'फ्री साइज' हे शब्द तर हॅटवर लिहिणेच चुकीचे आहे.

मी घेतली ती त्यांची 'कॅम्पड्राफ्ट', जिचा माथा घडी न घालता गोल ठेवलेला असतो. पुण्यात परतल्यावर छायाचित्र समोर ठेवले, चहाच्या किटलीच्या तोटीतून येणाऱ्या वाफेवर माथा फिरवत राहिलो आणि फेल्ट ओल्या कणकेसारखे नरम झाल्यावर तळहाताच्या कडेने मधोमध खळगा पाडून पुढच्या बाजूला दोन्हीकडून अंगठ्याने चिमटे दिले. पहिला खळगा वाकडा गेला. पुन्हा वाफ दिली, तो निघून गेला, पुन्हा घातला. दहा मिनिटांत हॅट थंड झाली आणि घातलेला आकार तसाच राहिला. तिची कड छायाचित्रातल्याहून थोडी रुंद वाटते, पण पुढच्या प्रयोगात नटाने ती डोळ्यांवर ओढून डब्यात पाय ठेवला तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही.

सशाची लव वापरणे काही वाचकांच्या मनाला पटणार नाही, आणि त्यांचा तो निर्णय आदराचा आहे. नेमके याचसाठी विक्रेत्याने पदार्थ लिहिला पाहिजे. शाकाहारी माणसाने नकळत लवेची हॅट घ्यावी किंवा लवेचे पैसे मोजून दुसऱ्याने पॉलिएस्टर घरी आणावे, हे दोन्ही सारखेच अयोग्य आहे. जुन्या, वापरलेल्या हॅट घेणाऱ्यांना आणखी एक सावधगिरीची सूचना. पूर्वी लव तयार करताना पाऱ्याचे संयुग वापरत, त्याने कारागिरांच्या नसांवर भयंकर परिणाम होत, आणि अमेरिकेत ही पद्धत १९४१ च्या अखेरीस बंद झाली. त्याआधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो, म्हणून अशी हॅट बंद खोलीत वाफेवर धरू नये आणि झटकू नये.

आपल्या हवेत हॅट सांभाळणे अवघड नाही, पण चुका नेहमीच्या आहेत. माथ्याच्या चिमटीत धरून ती उचलू नये, तिथेच आधी तडा जातो. दोन्ही हातांनी कड धरावी. टेबलावर ठेवताना उलटी, माथ्यावर ठेवावी, म्हणजे कड सपाट होत नाही. भिजली तर आतली पट्टी बाहेरच्या बाजूला उलटून सावलीत वाळू द्यावी, पंख्याखाली चालेल, उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली कधीही नाही, कारण उष्णतेने चामडे आकसते आणि हॅट एका मापाने लहान होते. पावसाळ्यात बुरशी आणि वर्षभर कसर हे तिचे शत्रू. मऊ ब्रश फिरवणे आणि महिन्यातून एकदा पेटीबाहेर काढून हवा देणे एवढ्याने बरेच भागते.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मालाचा मूळ देश सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. त्याच जागेत आणखी एक ओळ घालायला काही खर्च येत नाही: फेल्ट लोकरीचे, लवेचे की कृत्रिम धाग्याचे, आतली पट्टी कशाची, माथ्याची उंची व कडेची रुंदी किती, आणि डोक्याचे माप सेंटिमीटरमध्ये किती. ग्राहक चळवळीतील मंडळींनी हा विषय किरकोळ न समजता हाती घ्यावा, आणि आपण पुरवणीत हॅटवर पुन्हा लिहाल तेव्हा या चार गोष्टी विचारल्याशिवाय खरेदी करू नये असे वाचकांना सांगावे, ही नम्र विनंती. खऱ्या फेल्टचा स्पर्श कसा असतो हे ज्यांना हाताने पाहायचे असेल त्यांनी आमच्या प्रयोगानंतर रंगपटात यावे; दोन्ही हॅट मी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे