फॉरमॅट मारण्याआधी संगणकाला विचारा तरी

महोदय,

आपल्या पुरवणीत संगणकाच्या बिघाडांवर आलेला लेख वाचला. लेखकाची कळकळ जाणवते. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ आणि ‘नाहीच जमलं तर फॉरमॅट मारा’ इथेच येऊन थांबतो. एका संस्थेतल्या संगणकांची देखभाल हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, या सल्ल्याने त्या दिवसापुरतं भागतं, पण बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. कारण कळलं नाही की काही आठवड्यांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या. फॉरमॅटमध्ये तर लोकांचे फोटो, हिशेब, अर्धवट लिहिलेले प्रबंधसुद्धा जातात, आणि ते बहुतेक वेळा विनाकारण गेलेले असतात.

ज्या काळ्या खिडकीला लोक बिचकतात, त्या कमांड लाइनवर, म्हणजे जिथे बटणं न दाबता आदेश (कमांड) टाइप करायचे असतात तिथे, संगणक आपल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देतो. ‘नेट चालत नाही’ ही नेहमीची तक्रार घ्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं की संगणकाचा पत्ता दिसतो. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, संगणकाने स्वतःच एक लावून घेतला आहे. मग ब्राउझर काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. केबल, वाय-फाय, राउटर यांच्याकडे बघायचं. पत्ता ठीक असेल तर पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तर येतं का ते बघायचं: आधी राउटरला, मग 8.8.8.8 सारख्या बाहेरच्या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतंय आणि नाव सापडतच नाही, म्हणजे लाइन धडधाकट आहे, अडलंय ते डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. (काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये.) एवढ्याने कुणाला फोन करायचा आणि काय सांगायचं, हे ठरतं. अमेरिकन प्रोग्रामर माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये पिंग लिहिलं, तेही नेटवर्क विचित्र वागत होतं त्याचा छडा लावण्यासाठीच. आजही ते जवळपास प्रत्येक संगणकावर आयतं मिळतं.

दुसरं उदाहरण माझ्या कामातलं, कारण ‘रीस्टार्ट करा’ हा सल्ला मला का खटकतो ते त्यातून नीट कळेल. लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली. डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड सांगते, 100 टक्के. डीयूने एकेका फोल्डरचा आकार मोजला, तर बेरीज डिस्कच्या निम्मीही भरत नाही. मग बाकीची जागा खाल्ली कुणी? लिनक्समध्ये एखादी फाइल हटवली, पण एखाद्या प्रोग्रामने ती अजून उघडी धरून ठेवली असेल, तर नाव जातं, जागा मात्र सुटत नाही. एलएसओएफ ही कमांड अशा हटवलेल्या पण उघड्या फायली दाखवते आणि कुठल्या प्रोग्रामने त्या धरल्या आहेत तेही सांगते. इथे ती एक भलीमोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल, निघाली. कुणीतरी जागा करायला ती हटवली होती, आणि लॉग लिहिणारा प्रोग्राम त्याच फाइलमध्ये लिहीत बसला होता. तेवढाच प्रोग्राम पुन्हा सुरू केला, जागा सुटली. सर्व्हर रीस्टार्ट केला असता तरी जागा सुटलीच असती, हे खरं. पण लॉग एवढा का फुगतोय हा प्रश्न कुणाला पडलाच नसता आणि डिस्क पुन्हा भरली असती. लॉग ठरावीक आकाराचा झाला की जुना बाजूला काढून नवा सुरू होईल, अशी व्यवस्था आम्ही लावली आणि विषय मिटला.

आता स्क्रिप्टिंगबद्दल. एकदा सापडलेलं उत्तर, म्हणजे त्यासाठीच्या कमांड, ओळीने फाइलमध्ये लिहून ठेवलं की स्क्रिप्ट झाली. एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हाती देणारा पाइप युनिक्समध्ये (लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये) 1973 मध्ये संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने आला, आणि आजही रोज सकाळी माझी छोटीशी स्क्रिप्ट त्याच मार्गाने सगळ्या सर्व्हरच्या डिस्क तपासते. विंडोजवाल्यांना अशाच कामासाठी 2006 पासून पॉवरशेल आहे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. स्क्रिप्टमधलं मागे राहतं, वाचता येतं, सुधारता येतं. अर्थात, वाचूनच वापरावं लागतं. विंडोजवर फायली कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी या कमांडचं बघा. काम कसं झालं ते कमांड शेवटी एका आकड्याने कळवते, आणि बहुतेक कमांडमध्ये शून्य म्हणजे ठीक. फायली नीट उतरल्या तर ती 1 हा आकडा परत करते. ‘शून्य नाही म्हणजे चूक’ असं धरणारी बॅकअपची स्क्रिप्ट मग सगळं सुरळीत असताना रोज बोंब मारते, लोक तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि खरंच बिघाड होतो तेव्हाही कुणी बघत नाही. रोबोकॉपीत बिघाड 8 पासून पुढे.

कमांड लाइन धोक्याची आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे रीसायकल बिन नाही. म्हणून शिकवायचं ते सवयींसकट. पॉवरशेलमध्ये फायली हटवणाऱ्या कमांडला व्हॉटइफ जोडलं की काही न हटवता, काय काय हटेल ते दिसतं. लिनक्सवर फाइंडने आधी नुसती यादी काढायची, ती डोळ्यांखालून घालायची, मगच डिलीट.

खरा धोका न शिकण्यात आहे. 2024 पासून एक फसवणूक फार बोकाळली आहे. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणणारं खोटं पान उघडतं. ते सांगतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्याने ‘रन’ ही कमांड चालवणारी खिडकी उघडते, दुसऱ्याने क्लिपबोर्डवरचा, म्हणजे कॉपी झालेला मजकूर तिथे पेस्ट होतो. त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप एक कमांड ठेवलेली असते, आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. ज्याने कमांड म्हणजे काय हे कधी पाहिलेलंच नाही, त्याला यात वावगं काही दिसत नाही. संगणकाच्या वर्गांत मात्र अजून कुठलं बटण कुठल्या मेनूत आहे हेच पाठ करून घेतात. पुढच्या आवृत्तीत तो मेनू हलतो आणि पाठांतर वाया जातं. मजकुरात शोध घेणारी ग्रेप पन्नासहून अधिक वर्षं त्याच नावाने, त्याच कामाला आहे.

माझी विनंती एवढीच: संगणकावरच्या पुढच्या लेखात फॉरमॅटचा सल्ला सर्वांत शेवटी घ्यावा, आणि त्याआधी आयपीकॉन्फिग व पिंग यांच्या पायऱ्या चौकटीत छापाव्यात. त्याच चौकटीत ठळक अक्षरांत हेही यावं, की कुठल्याही पानाने सांगितलं म्हणून रनच्या खिडकीत काहीही पेस्ट करू नका. हा मजकूर मी आनंदाने लिहून देईन.

आपली,
एक वाचक, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर