आता तुझा लॅपटॉप

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप अपग्रेड केला. एकटीने केला. लॅपटॉप चालवणाऱ्या उबुंटू या प्रणालीची २२.०४ ही आवृत्ती होती, आता २४.०४ आहे, आणि हे पत्र त्यावरच लिहिते आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो गं आई, करते" म्हणतेस आणि विषय बदलतेस. तुझ्याकडे अजून २०.०४ आहे. त्याची नेहमीची मुदत २०२५ मध्येच संपली, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आता आपसूक येत नाहीत. आणि त्याच लॅपटॉपमध्ये तुझा तीन वर्षांचा प्रबंध आहे. मला याची काळजी वाटते, अगदी मनापासून. म्हणून आधी स्वतः करून पाहिलं.

बॅकअप घ्यायला तूच शिकवलं होतंस. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि मग त्यातल्या दहा-बारा फाइली डिस्कवरूनच उघडून पाहिल्या. दोन उघडेनात. त्या पुन्हा उतरवल्या. हे करायचं सुचलं नसतं तर बॅकअप आहे या भरवशावर पुढे गेले असते. तू एवढं तरी माझं ऐक: उतरवलेली फाइल उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं समजू नकोस.

मग चार्जर लावला आणि सुरू केलं. डाउनलोडला बराच वेळ लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे मात्र माझी चूक झाली. आता तासभर आपलं काही काम नाही असं समजून मी उठून गेले. परत आले तर पडद्यावर एक चौकट उघडून थांबलेली, आणि काम किती झालं ते दाखवणारी पट्टी होती तिथेच. एका सेटिंगच्या फाइलमध्ये पूर्वी बदल केलेला आहे. ती आहे तशी ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न होता. उत्तर मिळेपर्यंत अपग्रेड पुढे सरकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

घाईने काही दाबलं नाही. दोन्ही फाइलींमधला फरक बघायची सोय तिथेच आहे, तो उघडला. एकाच ओळीचा फरक होता. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये, अशी ती ओळ. अगं, ती तू घातली होतीस! झाकण मिटून मला रेकॉर्डिंग ऐकत बसता यावं म्हणून, जायच्या आदल्या रात्री. मी विसरूनही गेले होते. आहे तशीच ठेव म्हणून सांगितलं आणि मग शेवटपर्यंत जागची हलले नाही.

पुन्हा सुरू झाल्यावर पहिलं काम केलं ते कोरी फाइल उघडून "दुसऱ्या" हा शब्द लिहिण्याचं. माझ्या इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. पापणीसारखा तो र जागेवर उमटला आणि जीव भांड्यात पडला. माझं सगळं लिखाण त्या कळफलकावर आहे, तो बिघडला असता तर बाकीचं कितीही छान असून मला काय करायचं होतं?

बाकीचं छानच आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातला "ॲक्टिव्हिटीज" हा शब्द गेला, तिथे आता एक छोटी आडवी गोळी आणि शेजारी ठिपका दिसतो. दोन दिवस हात अडखळला. उजव्या कोपऱ्यातला मेनू फार आवडला. पूर्वी हेडफोन जोडायला ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये शिरावं लागायचं, आता तिथल्या तिथे यादी उघडते. वेग वाढला असं मात्र म्हणणार नाही. सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, आणि जुन्या लॅपटॉपकडून मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. मला मोलाची वाटते ती मुदत. २०२४ च्या एप्रिलमधली ही आवृत्ती, तिला पाच वर्षांचा आधार आहे, म्हणजे २०२९ पर्यंत मी निश्चिंत.

एक गोष्ट खटकली. उबुंटूखेरीज इतर ठिकाणांहून सॉफ्टवेअर आणण्यासाठी आपण जोडलेले स्रोत अपग्रेड करताना बंद केले जातात आणि नंतर आपले आपण सुरू करावे लागतात. माझा एकच होता. तुझे बरेच असतील, तेव्हा आधी कागदावर लिहून ठेव.

तुला दोन पायऱ्या चढायच्या आहेत. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ वर थांबावंच लागतं. दोन्ही एका दिवसात उरकू नकोस. पहिली झाली की चार-आठ दिवस त्यावर काम कर, प्रबंधाची फाइल, आकृत्या, संदर्भांची यादी सगळं नीट उघडतंय ना ते बघ, मगच दुसरी. आणि मधे चौकट आली तर तिच्यातली ओळ वाच. कदाचित तीही तूच कधीतरी कशासाठी तरी घातलेली असेल.

शनिवारी बसणार असशील तर शुक्रवारी रात्री मला फोन कर. बॅकअपच्या डिस्कवरून प्रबंध उघड आणि शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य मला वाचून दाखव.

तुझी,
आई