आधी एक भिंत रिकामी कर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, गोधड्यांची डिझाइनं करायला मागची खोली कशी लावू, आणि त्याच दमात टेबल केवढं घेऊ हेही विचारलंस. टेबलाचं नंतर बघू. आधी एक भिंत रिकामी कर. त्यासाठी कपाट हलवावं लागलं तरी हलव.

टेबलावर किंवा जमिनीवर मांडलेले तुकडे आपण वाकून बघतो. जवळचे मोठे दिसतात, पलीकडचे दबतात, आणि कोणता रंग अंगावर येतोय ते कळतच नाही. तेच भिंतीवर लावून आठ-दहा फूट मागे सरकलं की सगळी नक्षी एका नजरेत येते. भिंतीवर लावायला एकरंगी फ्लॅनेल, म्हणजे लवेचं मऊ कापड, घे, पांढरं किंवा फिकट राखाडी. त्याच्या लवेला सुती तुकडे आपोआप धरून राहतात. जोडून झालेले चौकोन मात्र वजनाने खाली येतात, म्हणून फ्लॅनेल नुसतं टांगू नकोस, फोमच्या जाड पाट्यांवर ताणून बसव, म्हणजे टाचणी खुपसता येते. फुलाफुलांचं स्वस्त मिळालं तरी नको. मागची फुलं पुढच्या नक्षीत घुसतात. पाच फूट रुंद आणि सहा फूट उंच एवढी जागा मिळाली तरी एका माणसाच्या गोधडीचा बहुतेक भाग त्यावर मावतो.

मागे सरकायला जागाच नाही म्हणशील, तर मोबाइलवर फोटो काढ. आणि तो कृष्णधवल करून बघ. रंग गेले की उरतं ते गडद आणि फिकट, नक्षी उठून दिसते ती त्याच्याच जोरावर. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटोत, दोन्ही सारखेच गडद असले तर फोटोत त्यांचा एकच करडा पट्टा होतो. शिवण्याआधी हे कळलेलं बरं, नंतर उसवत बसण्यापेक्षा.

कापडं निवडायची ती दिवसाउजेडी. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि जांभळा मळकट दिसतात. रात्री बसणार असशील तर खोक्यावर ५००० केल्विन आणि रंगदर्शकांक (CRI, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर लिहिलेला दिवा बघून घे. तू उजव्या हाताने कापतेस, तेव्हा तो डावीकडून येऊ दे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली पट्टीच्या कडेवर पडते.

आता टेबल. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं, शिवायला ठीक, पण उभं राहून कापायला नाही. कोपरात हात काटकोनात दुमड आणि कोपराच्या चार-सहा इंच खाली टेबलाचा माथा येतो का बघ. बहुतेकींना ३६ इंचांच्या आसपास लागतं. नवीन घेण्याची गरज नाही, आहे त्याच्याच पायांखाली पक्के ठोकळे दे. शिवणाचं मशीन मात्र वेगळ्या, खालच्या टेबलावर, म्हणजे खांदे वर चढत नाहीत.

कापायला ४५ मिलिमीटरचा गोल पात्याचा कटर, खाली १८ बाय २४ इंचांची मॅट आणि ६ बाय २४ इंचांची पारदर्शक पट्टी, एवढं सुरुवातीला पुष्कळ झालं. माप पट्टीवरच्या रेघांवर घे, मॅटवरच्या नाही. पातं अंगापासून लांब ढकल आणि हातातून ठेवताना दर वेळी झाक. मॅट उन्हात किंवा गरम इस्त्रीखाली गेली की वाकते, ती पुन्हा सरळ होत नाही.

मायेचं, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या कडेचं, एवढं लक्षात ठेव, की गोधडीत ती पाव इंच. तयार चौकोन सहा इंचांचा हवा तर साडेसहाचा कापायचा. तुकड्याच्या एका बाजूला सोळांश इंच माया जास्त गेली तर एका शिवणीत अष्टमांश इंच जातो, आणि बारा तुकड्यांच्या रांगेत अकरा शिवणी असतात. म्हणजे जवळजवळ दीड इंच गायब! मशीनच्या पाट्यावर सुईपासून मोजून जाड टेपची कड चिकटव, कापड तिला टेकवून सरकव. डिझाइनसाठी चौकटीचा कागदही इंचाला चार घरांचा घे, म्हणजे एक घर बरोबर पाव इंच.

इस्त्री हाताशी नको, असं माझं मत. दोन पावलं लांब असली की मधूनमधून उठणं होतं आणि पाठ आखडत नाही. इस्त्रीच्या अरुंद पाटापेक्षा सुती कापडात गुंडाळलेली प्लायवुडची फळी बरी. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, फरफटवायची नाही. उरेप, म्हणजे धाग्यांना तिरक्या, कापलेल्या त्रिकोणाची कड लगेच ताणली जाते.

कापडं रंगांप्रमाणे लाव, उन्हापासून दूर. चिंध्या तशाच कोंबू नकोस, दोन-अडीच इंची पट्ट्या कापून ठेव, नाहीतर त्या कधीच वापरात येत नाहीत. मोडक्या सुया आणि जुनी पाती झाकणाच्या बरणीत.

तुझ्या कोपराची जमिनीपासूनची उंची, भिंतीची मापं आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे ते कळव. फोमच्या पाट्या किती लागतील ते मी हिशेब करून सांगते. त्याआधी टेबल घेऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
कळावे,
तुझी धाकटी