हरणं स्वतः फार लांब जात नाहीत, त्यांना नेऊन सोडतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या भटकंतीवर लेख आला होता, त्यात इथली फॅलो डिअर जातीची हरणं बेटभर मनसोक्त हिंडतात असं लिहिलंय, आणि त्यावर परवा एका वाचकाचं पत्र पण छापलंत की आपल्याकडे गडांच्या पायथ्याला, रिसॉर्टच्या मागच्या डोंगरात अशीच हरणं आणून सोडा म्हणजे टुरिस्ट वाढतील. मी बरीच वर्षं इथे लॉन्सेस्टनला राहते, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

आधी एक दुरुस्ती, ती हरणं इथली नाहीतच. ऑस्ट्रेलियात खूर असलेला एकही मूळ प्राणी नाही. फॅलो मूळचं तुर्कस्तानाकडचं, तिथून ते माणसांनीच इंग्लंडला नेलं आणि १८३० च्या दशकात गोऱ्या जमीनदारांनी शिकारीच्या हौसेपायी इथे आणलं. दिसायला चितळाचा भाऊच म्हणा, ठिपके तसेच, पण नराची शिंगं वर जाऊन हाताच्या पंज्यासारखी चपटी होतात आणि हिवाळ्यात ठिपके जवळपास जातात. काही पूर्ण काळी असतात, काही पांढरी.

आता मुख्य मुद्दा, ती किती लांब जातात. लोकांना वाटतं हरीण म्हणजे उधळलं की शंभर किलोमीटर, तर तसं अजिबात नाही. फॅलोची मादी आईच्याच आसपास राहते, तिची पोर तिच्या आसपास, असा तो कळप वर्षानुवर्षं त्याच चार-दोन कुरणांत आणि झाडीत फिरत असतो. लांब जातात ते तरुण नर, आणि एप्रिलमध्ये माजावर आले की मोठे नर पण जागा सोडतात, रात्रभर घशातून घोगरं ओरडत बसतात (पहिल्यांदा ऐकलं की कोणी घोरतंय असंच वाटतं), पण एकटा नर नव्या डोंगरावर जाऊन पोचला तरी मादी तिथे नसेल तर त्याचं पुढे काहीच होत नाही. म्हणून कळपाची हद्द अगदी हळूहळू सरकते. इथे मिडलँड्स म्हणजे रॉस, कॅम्पबेल टाऊन, लाँगफर्ड हा त्यांचा जुना पट्टा, आणि दीडशे वर्षं होऊन गेली तरी बहुतेक हरणं त्याच भागात होती!

मग ती आज इतक्या ठिकाणी कशी दिसतात? नकाशा बघितला तर मोठ्या पट्ट्यापासून तुटलेले, मधे काहीच नसलेले सुटे ठिपके दिसतात, आणि चालत आलेलं जनावर असे ठिपके करत नाही, मधल्या वाटेवर पण दिसतं. मधेच मोकळी जागा म्हणजे गाडीतून आलंय. मागे एक काळ असा होता की हरणांच्या मांसाचा धंदा जोरात होता, जिकडे तिकडे डिअर फार्म, नंतर भाव पडले, कुंपणांकडे कोणी बघेना, काही सुटली आणि काही चक्क सोडून दिली. शिवाय शिकारीचे शौकीन, घराजवळ मोठी शिंगं मिळावीत म्हणून रात्री पिकअपमध्ये चार-पाच जनावरं घालून दुसऱ्या डोंगराला नेऊन सोडतात. २००४ साली अख्ख्या ऑस्ट्रेलियातल्या जंगली हरणांचा एक अभ्यास आला होता, सगळ्या जाती धरून २१८ कळप मोजले, त्यातले निम्म्याहून जास्त असे नेऊन सोडलेले आणि साधारण एक तृतीयांश फार्ममधले निघाले. आपलं चितळ पण त्याच यादीत आहे बरं का, १८८६ ला क्वीन्सलंडमध्ये चार्टर्स टॉवर्सजवळ सोडलेलं, तेही बरीच वर्षं सोडलं त्याच भागात रेंगाळलं.

एकदा नवीन जागी नर-मादी दोन्ही पोचले की मग मात्र थांबत नाही. मादीला वर्षाला एकच पाडस होतं पण ते खाणारं इथे कोणी नाही, डिंगो म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा टास्मानियात नव्हताच, शेवटचा थायलसिन (इथला पट्टेवाला मांसाहारी प्राणी) १९३६ ला होबार्टच्या झूमध्ये मेला, आणि टास्मानियन डेव्हिल या लहान मांसाहारी प्राण्याचा भर मेलेल्या जनावरांवर जास्त. २०१९ ला विमानातून मोजणी झाली तेव्हा मध्य आणि ईशान्य भागातच ५३ हजारांच्या आसपास भरली. वरच्या पठारावर जागतिक वारसा जंगल आहे, तिथली उशीसारखी घट्ट वाढणारी झुडपं इतकी सावकाश वाढतात की खुराखाली तुडवली गेली की गेलीच, तिथून २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून सातशेच्या वर हरणं मारावी लागली. सरकारने आता बेटाचे तीन झोन केलेत, एकात शिकारीसाठी ठेवायची, एकात कमी करायची, एकात एकही नको. कागदावर छान आहे, पण शिकारीच्या शौकिनांची मतं सांभाळून अर्धवट संरक्षण पण चालूच, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसायची. मला शिकारीचं वावडं नाही, पण हे पटत नाही.

त्या वाचकाला सांगायचंय की एवढं लांब बघायची पण गरज नाही. अंदमानात चितळ नव्हतं, इंग्रजांनी नेलं, तिथे वाघ-बिबट्या काही नाही, ते पोहून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलं आणि जंगलातली कोवळी रोपं वर येईनाशी झाली. आपल्या सांगलीचं सागरेश्वर घ्या, लोकांनी जीव ओतून झाडं लावली, हरणं आणली, उभं केलेलं अभयारण्य, मला त्याचं कौतुकच आहे, पण ते जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं आणि भोवती सगळी शेती. कुंपण असून हरणं बाहेर येतात आणि पिकात शिरतात. रिसॉर्टवाला कुंपण तरी घालणार आहे का, आणि घातलं तरी धंदा बसल्यावर त्याची डागडुजी कोण करणार? आणि हरणं आणणार तरी कुठून, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळ पकडणं हाच गुन्हा आहे. तेव्हा असं पत्र छापताना खाली वनखात्याचं म्हणणं पण एक ओळ छापत जा, नाहीतर कोणीतरी खरंच मनावर घ्यायचं.

आपली वाचक,
लॉन्सेस्टन, टास्मानिया